मामाच्या नावाचा घास

ऐक अन्नपूर्णे आई, तुझी कहाणी. बायांनो, तुम्हीही ऐका, अक्षता मुठीत धरा, कुजबुज पुरे झाली.

आटपाट गाव होतं. तिथं सगुणा नावाची कुंभारीण होती. तिला पाठचा एकच भाऊ, केरबा. आई लहानपणीच गेली, सगुणेनंच त्याला मांडीवर वाढवला. मोठा झाला, मिठाच्या तांड्याबरोबर घाटाखाली निघाला. सगुणेला तेव्हा दिवस गेलेले. वेशीवर केरबा म्हणाला, "आक्का, लेकराचं उष्टावण मामानं करायचं असतं. मी येईन. माझ्याआधी कुणी घास देऊ नका." सगुणेनं शब्द दिला.

मग मुलगा झाला. सहावा महिना लागला. सगुणेनं पाट मांडला, तांदळाची खीर केली, वेशीवर जाऊन उभी राहिली. भाऊ आला नाही. संध्याकाळी खीर गाईला घातली. आठवा लागला. पाट मांडला, खीर केली, वेशीवर उभी राहिली. भाऊ आला नाही. खीर गाईला घातली. दहावा लागला, तेच झालं. आता अंगावरचं दूध पुरेना. पोर सुकलं, दुसऱ्याच्या ताटाकडे हात करू लागलं.

सासू म्हणाली, "सूनबाई, माझ्या घशाखाली भाकर उतरत नाही गं. भरव त्याला."

सगुणा रडली. म्हणाली, "सासूबाई, आज मी भरवलं, तर भाऊ आता येत नाही असं मीच म्हटल्यासारखं होईल."

अन्नपूर्णेला दया आली. मग ती म्हातारी होऊन दारात आली. "बाई, पोर का रडतंय?" सगुणेनं सगळं सांगितलं. म्हातारीनं विचारलं, "तुझ्या भावाचं उष्टावण कुणी केलं?"

"मीच केलं. आई नव्हती, मामा नव्हता."

"मग ज्या हातानं त्याला भरवलंस, तोच हात पोराला लाव. आधी भावाच्या नावाचा घास बाजूला काढ, मग पोराला दे. रोज असं कर. घेतला वसा टाकू नको." म्हातारी दिसेनाशी झाली.

सगुणेनं भावाचा घास काढला. डोळ्यांना धार लागली. मग पोराला भरवलं. पोरानं मिटक्या मारल्या.

तिकडे केरबा भाकर मोडून बसला होता. भाच्याला चांदीची वाटी न्यायची, म्हणून एकेक खेप वाढवत राहिला होता. त्याला उचकी लागली. पाणी प्याला, राहीना. मीठ चाटलं, राहीना. बहिणीचं नाव घेतलं, राहिली. मग त्याच्यानं तिथं बसवेना. तसाच उठला, घाट चढू लागला.

गावी पोचला, तोवर पोर चालू लागलं होतं. सगुणा त्याला जेवू घालत होती. केरबा उंबऱ्याबाहेरच थांबला, मान खाली घालून म्हणाला, "आक्का, वाटी नाही जमली गं. रिकामाच आलो."

पोर उठलं. ताटाच्या कडेचा मामाचा घास त्यानं मुठीत घेतला, डुलत डुलत गेलं, आणि खाली वाकलेल्या मामाच्या तोंडात घातला.

जशी सगुणेला अन्नपूर्णा पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. ज्यांची वाट बघता, ती माणसं जेवणवेळेला घरी येवोत. मुठीतल्या अक्षतांएवढी ही कहाणी, इथंच सुफळ, इथंच संपूर्ण.