भरताना फुटली तर कासाराची

लेकीचं घरबसल्या चित्रांचं काम मार्गी लागू दे, तुझ्या देवळात सवाष्णींना बांगड्या भरीन, असा नवस कराडच्या वत्सलाबाई एकदा देवीला बोलल्या होत्या. देवी पावली. नवस फेडताना एक बांगडी फुटली, ती कासारानं बाजूला ठेवली, तिचे पैसे लावले नाहीत. भरताना फुटली तर कासाराची, हा रिवाजच.

पुढे लेकीनं, रेणुकेनं, पहिल्या कमाईतून कॉम्प्युटरसाठी नवा प्रोसेसर आणला. त्याला साजेसा मदरबोर्ड घ्यायला मायलेकी मोठ्या दुकानात गेल्या. शेटजींनी धूळ झटकून जुनाच बोर्ड पुढे केला.

"याचं सॉकेट जुनं आहे. यात माझा प्रोसेसर बसणार नाही," रेणुका म्हणाली.

"मला शिकवतेस, पोरी? जरा दाबलं की बसतो. काकू, पैसे काढा. आणि घरी काही मोडलं तर इकडे यायचं नाही!"

रेणुकेचा चेहरा उतरला. वत्सलाबाईंनी प्रोसेसरची डबी शेटजींपुढे सरकवली.

"घरी कशाला? तुम्हीच बसवा की, इथंच, माझ्यासमोर. बसला तर बोर्ड घेते. मोडला तर नवा प्रोसेसर तुम्ही द्यायचा. आमचा कासार याच बोलीवर रोज बायकांचे हात धरतो, आणि त्याची तर काच असते!"

गिऱ्हाइकं बघू लागली. शेटजींचा हात डबीपर्यंत गेला आणि तसाच मागे आला. "आतला नवा बोर्ड आणा रे," ते पुटपुटले.

बायांनो, वत्सलाबाईंना देवी पावली, तशी तुम्हालाही पावो. पण कुणी "जरा दाबलं की बसतं" म्हणालं, तर आधी त्यालाच दाबायला सांगा, बरं का!