कुणाची गं तू?

एकदा एक शिष्य गुरुजींच्या दारी आला आणि वहाणा काढायच्या आधीच तक्रार सांगू लागला. शिष्य म्हणजे आश्रमातला नव्हे. गुरुजींच्या शाळेतून बाहेर पडून त्याला कैक वर्षे झाली होती. आता तो आणि त्याची पत्नी महानगरात नोकरी करीत आणि दिवेलागण होऊन गेल्यावर घरी परतत. त्यांची आठ वर्षांची मुलगी ऋजुता शाळेतून आल्यावर तोवर कुणाच्या भरवशावर राहणार, या एकाच चिंतेने त्यांनी शहराभोवतालची उपनगरे पालथी घातली होती.

“गुरुजी, दोन जागा उरल्यात. पण मला कुणाचाच विश्वास वाटत नाही. दलाल खोटं बोलतो, बिल्डर गोड बोलतो, आणि शेजाऱ्यांचं तर विचारूच नका. तुम्ही एकदा नजरेखालून घाला.”

पहिली जागा त्याच्या मनात आधीच भरलेली होती. उंच भिंती, पदोपदी कॅमेरे. फाटकावर शिष्य, गुरुजी आणि बरोबर आलेली ऋजू अशा तिघांचे फोटो काढले, फोनवर आलेला आकडा विचारला, गुरुजींची कापडी पिशवीसुद्धा उघडून पाहिली. शिष्य खुशीत म्हणाला, “पाहिलंत? शिवाय इथे कुणी कुणाच्या अध्यात ना मध्यात.”

“तू घर बघ. मी ऋजूला बागेत नेतो,” गुरुजी म्हणाले.

शिष्य नमुन्याचे घर पाहून खाली आला, तर झोपाळा रिकामा. धावत फाटकाशी जाऊन त्याने विचारले, तेव्हा पहारेकरी शांतपणे म्हणाला, “आत येणाऱ्याला विचारतो साहेब, बाहेर जाणाऱ्याला नाही. कॅमेऱ्यात असेल सगळं, नंतर बघू.”

रस्त्यापलीकडे झाडाखाली गुरुजी उभे होते. त्यांनी ऋजूचे मनगट धरले होते आणि ती हुंदके देत होती. “मला झोपाळ्यावरून ओढून आणलं! मी नको नको म्हणत होते!” ती म्हणाली.

म्हातारपणी गुरुजींची बुद्धी तर चळली नाही ना, अशी शंका शिष्याला चाटून गेली. त्याने मुलीचा हात स्वतःच्या हातात घेतला.

दुसरी वसाहत जुनी होती. फाटक गंजलेले, पहारेकरी नाही, पाणी टँकरचे. अंगणात मुले लगोरी खेळत होती आणि ऋजू बघता बघता त्यांच्यात मिसळली. गुरुजी म्हणाले, “तू कोपऱ्यावर थांब. बोलावल्याखेरीज येऊ नकोस.” शिष्याला ते मुळीच रुचले नाही, पण गुरूची आज्ञा.

गुरुजींनी भर खेळातून ऋजूला ओढले. तिने भोकाड पसरले. जिन्याशी गवार निवडत बसलेल्या एक बाई ताट बाजूला सारून उठल्या.

“ओ आजोबा, थांबा जरा! कुणाची गं तू? हे कोण लागतात तुझे?”

ऋजू रुसलेली. तिने उत्तरच दिले नाही. मग काय! वरून एकजण कणकेच्या हातांनी धावत आली, कुणी तरी फाटकात स्कूटर आडवी लावली. “पोरीचे आईबाप आल्याशिवाय पाऊल हलवायचं नाही,” बाईंनी बजावले. आता मात्र शिष्याला राहवले नाही.

“अहो, मी बाप आहे तिचा!”

बाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळले. “बाप? मग लेकरू रडत होतं तेव्हा कोपऱ्यावर उभा राहून काय बघत होतास?” मग त्या ऋजूकडे वळल्या. “बाळ, हा खरंच तुझा बाबा?” ऋजूने मान डोलावली, तेव्हा कुठे बाईंनी धरलेला तिचा हात सुटला.

परतताना शिष्य धुमसत होता. “तुम्हाला पोरं पळवणारा ठरवलं त्यांनी! असल्या संशयी माणसांत राहायचं?”

“संशय तर दोन्हीकडे होता,” गुरुजी म्हणाले. “तिथे माझ्या पिशवीचा आला, लेकराच्या रडण्याचा कुणालाच आला नाही. इथे त्या बाईला परक्या पोरीचं रडं ऐकून बसवेना. अपमान माझा झाला आणि मला तो गोड लागला. पण हेही ऐक. तेच डोळे उद्या तुझ्या पिशवीतही डोकावतील. तुम्ही नवराबायको भांडलात तर खाली कळेल. जाच होईल. पोरीवर लक्ष ठेवणारे डोळे हवेत आणि ते आपल्याकडे वळू नयेत, असं होत नाही रे बाबा.”

शिष्याने त्या जुन्या वसाहतीतच घर घेतले. पगार किती, एकच मुलगी का, काल उशीर का झाला, सगळे शेजाऱ्यांचे विचारून झाले. तो चिडे, पत्नी हसे.

एके संध्याकाळी तो थकून परतत असताना एक अनोळखी गृहस्थ रडणाऱ्या चिमुरडीला फाटकाकडे नेत होता. शिष्य पुढे निघून गेला. मग थांबला, मागे वळला आणि फाटकात आडवा उभा राहिला.

“कुणाची गं तू?”

“माझी भाची आहे,” गृहस्थ फणकारला. “तुम्हाला काय करायचंय?”

शिष्य फाटकातून हलला नाही. तो खाली वाकून त्या मुलीच्या उत्तराची वाट पाहत राहिला.