राहीचं हिरवं अंजीर

फार फार पूर्वीची गोष्ट. इतकी पूर्वीची, की त्या गावाचं नाव विचाराल तर मलाही सांगता यायचं नाही. गोष्ट मात्र चांगली आठवते, तेव्हा मध्ये मध्ये बोलू नका.

त्या गावात घरोघरी परसात अंजिराची झाडं होती आणि एका परसात दोन-तीन जातींची. गावाची रीतच तशी होती. लग्न होऊन येणारी मुलगी माहेरच्या अंजिराची फांदी सोबत आणायची आणि सासरच्या परसात लावायची. तिसऱ्या चैत्रात गावदेवीच्या जत्रेला त्या झाडाचं पिकलेलं फळ देवीच्या ताटात ठेवायचं. फळ पिकलं, तर पोरीचं माहेर रुजलं म्हणायचं. नाही पिकलं, तर झाड उपटून माहेरी परत धाडायचं. आणि देवीला फळ जाईपर्यंत सुनेनं झाडाला हात लावायचा नाही, तोडणी करायची ती सासूनं.

सगुणाबाईच्या परसात आधीची दोन झाडं होती. एक तिच्या सासूचं, त्याची फळं पिकली की काळी पडत. दुसरं तिचं स्वतःचं, त्याची जांभळी होत. तिसरं झाड तिच्या सुनेचं, राहीचं.

राहीचं माहेर आता राहिलं नव्हतं. लग्नानंतरच्याच पावसाळ्यात नदीनं घरदार, माणसं, परस, सगळं नेलं. उरलं ते एवढं झाड. ते उपटलं तर परत धाडायचं कुठे? या विचारानं सगुणाबाईच्या तोंडचं पाणी पळालं होतं. सून तिची लाडकी होती. तसं तिनं कधी बोलून दाखवलं नव्हतं, सासूपणाला शोभत नाही म्हणून.

तिसरा चैत्र उजाडला. काळं झाड पिकलं, जांभळं पिकायला लागलं. राहीचं मात्र हिरवं ते हिरवंच. सगुणाबाई उठल्या उठल्या परसात जायची, एकेक फळ चाचपायची आणि सुस्कारा सोडून परत यायची.

राही एकदा म्हणाली, "आत्याबाई, आमच्याकडं ही अशी हिरवीच पिकतात."

"हिरवं कधी पिकलेलं असतं का गं?" सगुणाबाई म्हणाली. "माझे केस काय उन्हानं पांढरे झालेत?"

पोरगी स्वतःच्या मनाची समजूत घालतेय, असं तिला वाटलं. तिला फार वाईट वाटलं, आणि धास्ती आणखीच वाढली.

मग तिनं ठेवणीतला उपाय काढला. काडीच्या टोकावर तिळाचं तेल घेतलं आणि प्रत्येक फळाच्या डोळ्याला, म्हणजे बुडाच्या बारीक छिद्राला लावलं. तिच्या जांभळ्या झाडाला ही मात्रा हमखास लागू पडायची, बघता बघता फळ रंग धरायचं. इथंही फळं फुगली, मऊ झाली, माना टाकून लोंबायला लागली. पण रंगाचं नाव नको. आणि एक दिवस एका फळाच्या डोळ्यातून चिकट थेंब गळताना दिसला. पाणी सुटलं, म्हणजे फळ नासलं. नासकं झाडावर ठेवलं तर बाकीचीही जातील, म्हणून तिनं ते तोडून कुंपणापाशी बांधलेल्या शेळीपुढं टाकलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोन टाकली. मग रोजच टाकू लागली.

सगुणाबाईला अन्न गोड लागेना. शेळी मात्र तिची चाहूल लागली की चारा सोडून मान वर करून उभी राहायची.

"तुझी बरी चंगळ चाललीय," सगुणाबाई तिच्यावर करवादायची. "इथं माझा जीव टांगणीला लागलाय."

जत्रेच्या सकाळी झाडावर दोनच फळं उरली. त्यातलं एक गळत होतं. ते तोडून वळताना तिचं कोपर शेजारच्या जांभळ्या झाडाला लागलं आणि तिथलं एक कच्चं फळ खाली पडलं. हातातलं फळही निसटलं. दोन्ही फळं शेळीपुढं पडली, दोन्ही हिरवी.

शेळीनं कच्चं हुंगलं आणि नाक उडवून बाजूला झाली, कारण कच्च्याचा चीक जिभेला झोंबतो. राहीच्या झाडाचं फळ मात्र तिनं खाल्लं आणि खालची मातीसुद्धा चाटली.

सगुणाबाई बघतच राहिली. मग तिनं शेवटचं फळ अलगद तोडलं आणि देठ न्याहाळला. देठाला चिकाचा थेंबही आला नव्हता. आजवर टाकलेल्या एकाही फळाला आला नव्हता, हे तिला आता आठवलं. तिनं ते फळ ताटात ठेवलं आणि राहीला हाक मारली.

देवळात ताट पाहून गुरव म्हणाला, "सगुणाबाई, हे तर कच्चं आहे."

झाड उपटायला माणसं भिंतीला कुदळ टेकवून तयारच उभी होती. राहीनं मान खाली घातली.

"फोडून बघा," सगुणाबाई म्हणाली.

"देवीचं फळ फोडत नाहीत."

"मग मी फोडते. पाप लागलं तर मला लागेल."

तिनं फळ उघडलं. आत लालबुंद गर होता आणि त्यातून रस बोटांवर ओघळत होता. गुरवानं ओघळ चाटून पाहिला आणि म्हणाला, "ठेवा ताटात."

अर्धं देवीला ठेवून उरलेलं अर्धं सगुणाबाईनं राहीच्या हातावर दिलं. राहीनं ते तोंडात घातलं आणि तिला हुंदका आवरेना.

"तीच चव आहे, आत्याबाई."

"पोरी, बाकीची सगळी मी शेळीला घातली," सगुणाबाई रडत म्हणाली. "तू सांगत होतीस आणि मी तुझं ऐकलं नाही."

राही डोळे पुसत म्हणाली, "शेळीनं तरी ऐकलं म्हणायचं."

त्या वर्षी त्या घरात हिरवं अंजीर पुन्हा कुणाच्या तोंडी लागलं नाही. झाड मात्र राहिलं. आणि तेव्हापासून त्या देवळात ताट पुढं आलं की गुरव फळाकडं बघण्याआधी सुनेला विचारतो, "बाई, तुमच्याकडं पिकतं कसं?"

तात्पर्य: प्रत्येकाची पिकण्याची खूण निराळी असते, ती आपल्या काळजीला विचारू नये, त्याला ओळखणाऱ्याला विचारावी.