टिटवीने दिलेली खात्री

रानातले प्राणी मतं देऊन आपला मुखिया निवडत, त्या काळातली ही हकिकत. पाणवठा तरसाच्या ताब्यात होता आणि लहान जिवांना तो सगळ्यांत शेवटी, गढूळ झालेलं पाणी पिऊ द्यायचा. म्हणून काळवीट त्याच्याविरुद्ध उभा राहिला. प्रचाराचा सगळा भार टिटवीवर होता. रानभर फिरणाऱ्या कार्यकर्त्यांच्या जेवणासाठी ती बिळाबिळांतून दाणे गोळा करायची.

महिन्याभरात दाणे आटले आणि कार्यकर्तेही गळू लागले. काळवीट म्हणाला, "टिटवीताई, आपण मागे आहोत. सगळ्यांना खरं सांगून टाक."

"हरणाऱ्याला कोण दाणे देणार?" टिटवी म्हणाली.

त्या दिवसापासून ती दारोदार सांगत सुटली, "आपण जिंकल्यातच जमा आहोत! थोडाच हातभार हवाय." दाणे पुन्हा येऊ लागले. सशिणीने तर पिल्लांसाठी राखलेली शेवटची ओंजळ दिली. टिटवीला कसंतरीच झालं, पण ओंजळ तिने घेतली.

मतदानाच्या दिवशी ऊन रणरणत होतं. निम्म्या बिळांतून कुणी बाहेरच आलं नाही. काळवीट अकरा मतांनी पडला.

टिटवी तडक सशिणीकडे गेली. "मावशी, तू आली का नाहीस?"

"अगं, जिंकल्यातच जमा आहोत, असं तूच म्हणालीस ना? मग भुकेली पिल्लं टाकून उन्हात कशाला येऊ?" सशीण हसून म्हणाली. "उद्यापासून यांना निवळ पाणी मिळेल ना गं?"

पाणवठ्यावरून तरसाचं हसणं ऐकू येत होतं.