आढ्यापलीकडचा 'हो'

उंच डोंगरातल्या एका गावात, एकाच छपराखाली दोन भाऊ राहत. मध्ये भिंत होती, चुली दोन होत्या, पण आढं एकच. हिवाळ्यात छपरावर कंबरभर बर्फ साचायचा आणि तो काढायची रीत ठरलेली होती. एकाने या उतारावर चढायचं, दुसऱ्याने त्या. एक फावडं टाकलं की "हो!" म्हणायचं, पलीकडून "हो!" आला की मगच पुढचं. मध्ये आढं असल्याने एकमेकांचं तोंड दिसत नसे. दोन्हीकडचं ओझं बरोबरीने उतरलं नाही तर आढं कलतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

थोरल्याला मात्र हे 'हो-हो' नकोसं झालेलं. तो कामाला वाघ, धाकट्याचा हात संथ. "याच्यापायी माझा अख्खा दिवस छपरावर जातो," असं तो बायकोपाशी कुरकुरायचा. माणूस मनाचा वाईट नव्हता हो, नुसता उतावळा होता.

त्या वर्षी बर्फ जरा जास्तच पडला. सकाळीच दोघे वर चढले. थोडा वेळ रीतीप्रमाणे चाललं, मग थोरल्याने तोंड मिटलं आणि सपासप फावडं चालवलं. वारा धाकट्याच्या बाजूने येत होता. त्याची हाक स्पष्ट ऐकू आली, "हो!" थोरला गप्प. "दादा, हो!"

"बोंबलू दे," असं पुटपुटत थोरल्याने आपला उतार लख्ख केला आणि खाली येऊन गरम पेज प्यायला बसला.

पहिला घोट घेतो न घेतो तोच वर कडकड आवाज झाला.

"अहो, दार लागत नाहीये," बायको घाबरून म्हणाली. "चौकट वाकडी झालीय!"

थोरल्याने वर पाहिलं. आढं धाकट्याच्या अंगाला झुकलं होतं. त्या अंगाला पाळण्यात धाकट्याची तान्ही लेक झोपली होती.

"सगळे बाहेर व्हा! आधी बाळाला काढा!" असं ओरडत तो शिडी चढला आणि आढं ओलांडून पलीकडे गेला. पाहतो तर धाकटा फावडं धरून नुसता उभा, मिशा गोठलेल्या.

"अरे गाढवा, बर्फ का नाही टाकलास?"

"तुझा हो नाही आला, दादा," धाकटा कुडकुडत म्हणाला. "वाटलं, दमलास. मी एकटाच टाकत राहिलो असतो, तर ओझं तुझ्या बाजूला राहिलं असतं. तिथे वहिनी आहे, पोरं आहेत. म्हणून थांबलो."

डोळे पुसून थोरला भावाशेजारी उभा राहिला. दोघांनी मिळून तो उतार मोकळा केला, आणि दर फावड्याला थोरला गावभर ऐकू जाईल असा "हो!" म्हणत होता.

घर वाचलं. आढं मात्र किंचित वाकडं राहिलं ते राहिलंच. अजूनही थोरल्याचं दार खांदा लावल्याशिवाय लागत नाही. सुताराला बोलावू का, असं बायकोने विचारलं, तर तो म्हणाला, "राहू दे. मला तेवढी आठवण हवी."

तात्पर्य एवढंच, की ज्याच्यासाठी थांबायचा आपल्याला कंटाळा येतो, तो पुष्कळदा आपल्यासाठीच थांबलेला असतो.