बिनखर्चाची स्वारी

निंबराजे सातव्यांदा घोड्यावरून पडले, तेव्हा पागेतला सुभानजी मोतद्दार मनातल्या मनात पैसे मोजत होता. स्वतःचे नव्हे, ते मोजायला आधी असावे लागतात. तो खजिन्यातले मोजत होता.

पन्नाशीपर्यंत मेण्यातून हिंडलेल्या राजांना यंदा सीमोल्लंघनाला घोड्यावरूनच जायचं होतं. शेजारच्या संस्थानिकाने भर पंगतीत विचारलं होतं, "राजे, सोनं लुटायला यंदाही मेण्यातूनच का? मग ओटी कुणी भरायची?" झालं. घोडा आला. घोड्यामागून मखमली खोगीर आलं, चांदीच्या रिकिबी आल्या, गुडघ्यापर्यंतचे बूट आले. राजे पडू लागले तसे वैद्य आले, फाटलेल्या तुमानींसाठी शिंपी आला आणि शनीची शांत करायला भटजीही आले. घोडा पाचशेचा, त्याच्यावरून पडायला अकराशे लागले होते.

कारभारी बापूजीपंतांनी हा आकडा मोठ्याने वाचला. राजे कण्हत उठले.

"दोष कुणाचा?"

वैद्यांनी शिंप्याकडे पाहिलं, शिंप्याने भटजींकडे, आणि मग सगळ्यांनी मिळून सुभानजीकडे.

"सुभान्या," राजे म्हणाले, "उद्या घट बसतात. दसऱ्याला मी घोड्यावरून देवीच्या माळापर्यंत जाणार. तोवर मला बसायला शिकव. एकदाही घोड्यावरून पडता कामा नये आणि खजिन्यातून छदामही जाता कामा नये. नाही जमलं, तर अकराशे रुपये तुझ्याकडून वसूल. घर वीक, नाहीतर स्वतःला वीक."

"सरकार," पंत खाकरले, "नवरात्रात आपलं व्रत असतं. नऊ दिवस चामड्याला शिवायचं नाही. म्हणजे खोगीर नाही, लगाम नाही, बूट नाहीत."

हट्टी माणसाला अडचण दाखवली की त्याचा हट्ट आणखी खुलतो. "ते सुभान्या बघेल," राजे म्हणाले.

सुभानजी घरी आला तो तोंड वाळवूनच. लेक येसू घोड्याची चंदी भिजवत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आबा, तुम्ही कशावर बसून शिकलात?"

"म्हशीवर. गावातलं पोरगं आणखी कशावर शिकणार? पण ते राजे आहेत, पोरी."

"ते आपल्या चंद्रीला कुठं ठाऊक आहे?"

सकाळी येसू चंद्रीला घेऊन थेट राजवाड्यापुढे उभी राहिली. सुभानजी मागे, घाम पुशीत.

"म्हशीवर?" पंतांचा आवाज चिरकला. "अगं, रेड्यावर यम बसतो! राजांना तू त्याच्या पंगतीला बसवतेस?"

"यम रेड्यावरून पडल्याचं कधी ऐकलंय का, पंत?"

पंतांनी बरीच पुराणं आठवून पाहिली. ऐकलेलं नव्हतं.

"लोक हसतील त्याचं काय?" राजांनी विचारलं.

"हसतीलच, सरकार. पण फुकट हसतील. आजवर आपल्या खर्चाने हसत होते."

राजे अनवाणी, पंचा नेसून तळ्यात उतरले. येसूने त्यांच्या हातात पेंढ्याचा बोळा दिला. "आधी तिची पाठ घासा. रोज घासायची. त्याशिवाय ती कुणाला बसू देत नाही." राजांनी आयुष्यात प्रथमच काहीतरी घासलं. मग ते चंद्रीवर चढले आणि पलीकडून पाण्यात गेले.

"गुडघे आवळा, सरकार. शेपटी सोडा, ती तिची आहे."

"मग शिंगं धरू?"

"तीही तिचीच."

राजे पडत राहिले. काठावर सुभानजीचा जीव टांगणीला लागला होता. आठ, नऊ, दहा... शेजारी पंतही मोजत होते, पण ते खुशीत. वैद्य लेपाची वाटी घेऊन चार दिवस उभे राहिले आणि कंटाळून घरी गेले. पाण्यात पडणाऱ्याला लेप कशाला, कोरडा पंचा पुरतो.

सहाव्या दिवशी राजांनी तळ्याला फेरी मारली. नवव्या दिवशी येसूने पलीकडच्या काठावर चंद्रीचं रेडकू नेऊन सोडलं. ते ओरडलं मात्र, चंद्री चिखल उडवीत उधळली. राजे तिच्या बुळबुळीत पाठीवर गोचिडासारखे चिकटून राहिले.

दसऱ्याला व्रत सुटलं. राजे घोड्यावर बसले, पाय रिकिबीत टाकले आणि त्यांच्या तोंडून निघालं, "अरे, हे तर गादी-लोड आहे!" ते माळावर गेले, सोनं लुटलं आणि परत आले, बसले होते तसेच.

दरबारात पंत कागद घेऊन उठले. "सरकार, अट मोडली. आपण एकवीस वेळा पडलात."

"घोड्यावरून?" येसूने विचारलं.

"म्हशीवरून! पण पडले ना?"

"अट घोड्याची होती."

पंत हटणाऱ्यांतले नव्हते. "बरं. नऊ दिवस तुझी म्हैस राबली, तिची मजुरी? आज ना उद्या तू मागणारच. म्हणजे खजिन्यातून पैसा जाणारच!"

येसूने शांतपणे पदराची गाठ सोडली आणि पंतांच्या कागदावर एकेक करून नऊ आणे मांडले.

"हे काय?"

"म्हैस धुणाऱ्याला आम्ही रोज एक आणा देतो, पंत. नऊ दिवस सरकारांनी धुतली, आणि चांगली धुतली. खजिन्यात जमा करा."

राजांनी एक आणा उचलला, उलटापालटा करून पाहिला, आणि हसू लागले. ते इतके हसले की आजवर घोड्यावरून पडले नसतील असे सिंहासनावरून घसरले.

"पंत, ही माझी पहिली कमाई! नीट लिहा!" डोळे पुसत ते म्हणाले. तळ्याकाठचं सगळं कुरण येसूला इनाम मिळालं, सुभानजीला पागेची मुखत्यारी. मखमली खोगीर चंद्रीच्या पाठीवर चढलं.

"आणि पंत," राजे म्हणाले, "पुढच्या दसऱ्याला तुम्हीही माझ्याबरोबर घोड्यावर. उद्या सकाळी तळ्यावर या. येताना पेंढा आणा."