हैबतीनं तंबू राखला

एका गावात एक भोळा भाऊ होता आणि एक शहाणा भाऊ होता. भोळ्याचं नाव हैबती, शहाण्याचं दाजीबा. हैबती भोळा आहे हे सगळा गाव सांगायचा. दाजीबा शहाणा आहे हे दाजीबा सांगायचा.

या शहाण्यानं मक्याच्या मधोमध गांजाची बारा झाडं लावली. कुणी शिकवलं? मोबाईलनं. झाडं वाढली, मक्याआड लपली, कुणाला दिसली नाहीत. मग दाजीबानं ती तोडली आणि मागच्या गोठ्यात एक तंबू ठोकून त्यात उलटी टांगली. तंबूत एक पंखा ठेवला आणि हवेतली ओल सांगणारं एक यंत्र अडकवलं. काट्याचं, घड्याळासारखं.

बायको चांगुणा म्हणाली, "अवो, पोलिसांना कळलं तर तुम्हाला नेतील. मग मी काय करू?"

"कळतंय कसं? दहा दिवसात वाळतंय, अकराव्या दिवशी व्यापारी येऊन नेतोय. दहा दिवस गप बसायचं."

पण दहा दिवस तंबूपाशी बसणार कोण? दाजीबाला शेत होतं. चांगुणेनं तर तिकडं फिरकणार नाही म्हणून सांगितलं. राहिला हैबती. चाळिशीचा गडी, बिनलग्नाचा, सांगेल ते ऐकणारा. त्याचं हेच तर दुखणं होतं.

दाजीबा म्हणाला, "हैबती, काटा साठाच्या वर गेला की माल बुरसतो. पन्नासाच्या खाली गेला की चुरा होतो. मधी ठेवायचा. आन् ओली वस्तू आत येऊ द्यायची न्हाई. कुणाला सांगायचं न्हाई. कळलं?"

"कळलं दादा." हैबतीनं पंच्याला एक गाठ मारली. सांगितलेलं विसरू नये म्हणून तो गाठ मारायचा.

दुसऱ्या दिवशी दाजीबा विहिरीवर अंघोळ करून तसाच गोठ्यात आला. केसांतून पाणी गळत होतं. हैबती तंबूच्या दारात आडवा झाला.

"दादा, तू ओला हायस."

"मग?"

"ओली वस्तू आत न्हाई."

"अरे, मी वस्तू हाय का?"

"ओला तर हायस."

ढकलाढकली झाली. हैबती बैलासारखा. हटला नाही. शेवटी मालक उन्हात जाऊन उभा राहिला, अर्धा तास, वाळवणासारखा. तोवर आत काटा सत्तरावर.

"येड्या!" दाजीबा ओरडला. "मला काय अडवतोस? सादळलेलं दिसलं की पंखा लावायचा!"

"कळलं दादा." दुसरी गाठ.

तिसऱ्या दिवशी चांगुणेनं वर्षाचं तिखट डंकावरून कुटून आणलं. पाच किलो, लालभडक. हात लावून बघितलं आणि म्हणाली, "जरा सादळलंय वाटतं." अंगणात चादरीवर पसरलं आणि आत भाकरी टाकायला गेली.

हैबतीनं ऐकलं. तंबूतला पंखा उचलून आणला. चादरीसमोर ठेवला. तीनावर लावला.

पुढचं काय सांगू. वरच्या आळीची म्हातारी शिंकली, खालच्या आळीची म्हैस शिंकली. पिठाच्या गिरणीपुढची रांग डोळे चोळत पळाली. अर्धा गाव दाजीबाच्या दारात. "काय जाळताय रे? काय जाळताय?" ज्याला माणूस नको होता त्याच्या दारात ही जत्रा! दाजीबानं हात जोडून एकेकाला वाटेला लावलं.

चांगुणा रडत होती. तिखटानं का रागानं, ते विचारायची कुणाची छाती नव्हती. "भावजी, माझं वर्षाचं तिखट गावाच्या नाकात घातलंत की वो!"

"सादळलं म्हणालीस की वैनी."

दाजीबा म्हणाला, "हैबत्या, उडणाऱ्या वस्तूला वारा घालायचा नसतो! उडायला लागलं की वर ओलं फडकं टाकायचं."

"कळलं दादा." तिसरी गाठ.

पंखा परत तंबूत गेला. चौथ्या दिवशी हैबती बघतो तर वाऱ्यानं पानं फडफडतायत. म्हणजे उडायला लागली. फडकं शोधलं, पण बारा झाडांना फडकं पुरतंय होय? त्यानं अंथरुणातल्या दोन गोधड्या ओढल्या, हौदात बुडवल्या आणि पाणी गळत होतं तशाच मालावर घातल्या. आणि दारात राखण करत बसला. किती बरं वाटलं त्याला. काहीच उडत नव्हतं.

दुपारी दाजीबा आला. काटा पंच्याण्णवावर होता. त्याच्या पुढं यंत्रात जागाच थोडी होती.

दाजीबा खालीच बसला. मग उठला, गोधड्या फेकल्या, एकेक काडी पुसली. दोन झाडं काळी पडून कुजली ती उकिरड्यात पुरली. दहा उरली. व्यापाऱ्याला बाराचा शब्द दिलेला.

"दादा, उडत होतं."

"ओल दिसली की वर ओलं टाकतात का रे? कोरडं टाकतात! हे बघ." त्यानं तांदळाची पोती फोडून तंबूभर पिशव्या टांगल्या. "तांदूळ ओल पितात. ओल दिसली की तांदूळ टाकायचे. एवढं तरी डोक्यात ठेव."

"कळलं दादा." चौथी गाठ.

सातव्या दिवशी चांगुणेचे वडील आले. लेकीची ख्यालीखुशाली बघायला. फाट्यावर एसटीतून उतरून भर उन्हात दोन कोस चालत. ओट्यावर टेकले तेव्हा टोपी भिजलेली, सदरा पाठीला चिकटलेला, घाम हनुवटीवरून ठिबकत होता.

हैबतीनं त्यांना निरखून बघितलं. आत गेला. पायलीभर तांदूळ घेऊन आला आणि मामांच्या डोक्यावर सरळ ओतले.

तांदूळ टोपीवरून गळ्यात, गळ्यातून सदऱ्यात, सदऱ्यातून धोतरात गेले.

"पोरा!" मामा ताडकन उठले. "लगीन लावतोस व्हय माझं? या वयात?"

"न्हाई मामा. बुरशी लागंल तुम्हाला."

"मला बुरशी?"

"हलू नका. पिऊ द्या त्यांना."

मामा थांबले नाहीत. पाणीसुद्धा न पिता निघाले. पावलागणिक धोतरातून तांदूळ सांडत होते. कोंबड्या मागं लागल्या, त्यामुळं अपमान वेशीपर्यंत पुरला. चांगुणेनं पिशवी भरली. "माझा बाप या घरातनं उपाशी गेला. त्यांना मनवून आणीन तवाच येईन." आणि तीही निघाली.

दाजीबाला आता स्वतः भाकऱ्या थापाव्या लागल्या. पहिली भाकरी करपली तेव्हा त्यानं हैबतीला समोर बसवलं.

"हैबती, पाव्हण्याशी असं वागतात? पाव्हणा दारात आला की पाणी द्यावं. बाहेर ठेवू नये, आत न्यावं. आपलं घरदार, गोठा, जे काय असंल ते कौतुकानं दाखवावं. निघाला की रिकाम्या हातानं पाठवू नये. आन् घरच्या कर्त्या माणसानं वेशीपर्यंत सोडायला जावं. सांग बघू परत."

हैबतीनं एक शब्द न चुकता सांगितलं. दाजीबाला बरं वाटलं. आपण शिकवलं की येतं, असं त्याला वाटलं. शहाण्या माणसाला हे फार वाटतं.

आणि गंमत बघा, तंबूही सुधारला. तांदळानं काम केलं. काटा अठ्ठावन्नावर येऊन बसला तो हललाच नाही. दहावा दिवस उजाडला. माल असा वाळला होता की काडी मोडली तर कट्‌ वाजावी. दाजीबा व्यापाऱ्याला निरोप द्यायला फाट्यावर गेला. जाताना म्हणाला, "हैबती, आजचा एकच दिवस. काही करू नको."

"काहीच करत न्हाई दादा."

तासाभरानं मोटारसायकलवरून एक हवालदार आला. त्याला गांजाचं स्वप्नसुद्धा पडलेलं नव्हतं. ओढ्यावरची कुणाची तरी पाण्याची मोटार चोरीला गेली होती, त्याची चौकशी करत तो घरोघर हिंडत होता.

"कोण हाय का घरात? जरा पाणी मिळंल?"

हैबतीनं तांब्या दिला. वर गुळाचा खडा दिला. हवालदार खूश. "मोटारीचं काही कळलं का तुम्हाला?"

"न्हाई. आत या."

"नको, घाई हाय."

"बाहेर ठेवायचं नसतं पाव्हण्याला. दादा रागावंल. या की! आमचा गोठा तरी बघा."

इतका आग्रह हवालदाराला त्याच्या सासुरवाडीतही कधी झाला नव्हता. तो आत गेला. हैबतीनं गाय दाखवली. वासरू दाखवलं. मग तंबूचा पडदा वर केला.

हवालदार बघतच राहिला. मग त्यानं टोपी काढली.

"हे... काय हाय?"

"दादाचं पीक. आधी बारा होती, दोन बुरसली. काटा बघा, अठ्ठावन्न. लई कष्ट पडले."

"कुणाला माहीत हाय?"

"कुणालाच न्हाई. सांगायचं न्हाई असं दादा म्हणाला. मी सांगितलं न्हाई, तुम्हाला फक्त दाखवलं." आणि दोन जाड काड्या पेपरात गुंडाळून त्यानं हवालदाराच्या हातात दिल्या. "घ्या. रिकाम्या हातानं जाऊ नका."

हवालदारानं हातातल्या पुडक्याकडं बघितलं. "एवढंच?"

हैबती लाजला. आपण कंजूषपणा केला असं त्याला वाटलं. "न्हाई न्हाई, सगळंच न्या की. पण उचलायला गाडी लागंल."

"मागवतो," हवालदार म्हणाला आणि फोन काढला.

दाजीबा शीळ घालत परत आला तेव्हा दारात जीप उभी होती. चार पोलीस माल बांधत होते आणि हैबती त्यांना ओल लागू नये म्हणून मधेमधे तांदूळ घालून देत होता.

दाजीबाची शीळ तोंडातच राहिली. "साहेब, हे माझं न्हाई! मला काय बी माहीत न्हाई! कुणीतरी आणून ठेवलंय!"

"दादा, लाजू नको," हैबती म्हणाला. "पाव्हण्यांना सगळं आवडलंय."

हवालदारानं विचारलं, "मग या घरचा कर्ता कोण?"

दाजीबा मागं सरकला. हैबतीनं त्याला दंडाला धरून पुढं आणलं, धोतर झटकून दिलं आणि स्वतःच्या हातानं जीपमध्ये बसवलं.

"जा दादा. पाव्हणे निघाले. वेशीपर्यंत सोडून ये."

जीप निघाली. वेस आली, वेस गेली. जीप थांबली नाही. हैबती रस्त्यात उभा राहून धूळ बसेपर्यंत हात हलवत राहिला.

संध्याकाळी चांगुणा वडिलांना मनवून घेऊन आली. "भावजी, हे कुठायत?"

हैबतीची छाती अभिमानानं भरून आली.

"वैनी, पाहुणचार असावा तर दादासारखा! एवढं वेशीपर्यंत सोडायचं, तर दादा पार तालुक्याला गेलाय. आन् पाव्हणे म्हणाले, आता त्याला लवकर सोडणार न्हाईत."